गाठीतल्या पेशींवरच्या खुणा आणि त्यांचे वाचन

स्तनाच्या कर्करोगाची बायोप्सी झाली की काही दिवसांनी हाती येणाऱ्या रिपोर्टमध्ये, कर्करोगाचा प्रकार आणि ग्रेड लिहून झाल्यावर, खाली चार ओळी असतात: ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७. त्यांच्यापुढे कुठे टक्केवारी, कुठे अधिकचे चिन्ह, तर कुठे नुसता ‘निगेटिव्ह’ हा शब्द असतो. घरातली माणसे बहुधा ‘निगेटिव्ह’ वाचून सुटकेचा निःश्वास टाकतात आणि ‘पॉझिटिव्ह’ वाचून धास्तावतात. प्रत्यक्षात पहिल्या दोन ओळींत ‘पॉझिटिव्ह’ असणे ही बरीचशी चांगली बातमी असते आणि चारही ओळींचा अर्थ एकमेकींच्या संदर्भातच लागतो. या ओळी म्हणजे कर्करोगाच्या पेशींवर किंवा पेशींच्या आत सापडणाऱ्या खुणांची नोंद. अशा खुणांना पेशीनिष्ठ ट्यूमर मार्कर म्हणता येईल.

त्यांची आणि रक्तातल्या ट्यूमर मार्करची सरमिसळ फार होते, म्हणून आधी तो फरक पाहू. पीएसए, सीए-१२५, सीईए, एएफपी ही नावे आपण हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये वाचतो. हे पदार्थ पेशींतून बाहेर पडून रक्तात मिसळलेले असतात आणि ते नेमक्या कोणत्या पेशीतून आले हे रक्ताच्या नमुन्यावरून समजत नाही. सीए-१२५ अंडाशयाच्या कर्करोगात वाढते हे खरे. पण ते एंडोमेट्रिऑसिसमध्ये, गरोदरपणात, पाळीच्या दिवसांत आणि पोटाच्या क्षयरोगातही वाढते, आणि शेवटचे कारण आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोग नसतानाही चढलेले असू शकते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे चाललेल्या अभ्यासात सीए-१२५ आणि सोनोग्राफीच्या आधारे केलेल्या चाळणीने अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी या चाचण्या उपयोगी आहेत. मात्र, कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाने ‘सगळे मार्कर’ एकदम करून घेण्यात पैशांचा अपव्यय तर होतोच, शिवाय नाहक घबराट पदरी पडते ती वेगळीच.

पेशीवरची खूण पाहण्यासाठी पेशीच हाती लागावी लागते. सुईने किंवा शस्त्रक्रियेने काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मग पॅराफिन मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात आणि त्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चढवतात. नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगात पॅथॉलॉजिस्ट पेशींचा आकार आणि रचना पाहतो. खुणा पाहण्यासाठी त्याच ब्लॉकमधून नवे काप घेऊन त्यांवर विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. अँटिबॉडी जिथे चिकटेल तिथे रासायनिक क्रियेने तपकिरी रंग उमटतो आणि बाकीची केंद्रके निळी राहतात. या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात आणि रुग्णालयांत तिचा उल्लेख ‘आयएचसी’ असाच होतो. अँटिबॉडीला रंग जोडून ऊतीतला पदार्थ शोधण्याची कल्पना १९४१ची आहे. पण ती रोजच्या कामात उतरली ती १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्यावर नेम धरणाऱ्या, हव्या तितक्या प्रमाणात बनवता येणाऱ्या अँटिबॉडी तयार करण्याची रीत शोधल्यानंतर.

निदानाच्या कामी या पद्धतीचा उपयोग कसा होतो, याचे नेहमी दिसणारे उदाहरण मानेतल्या गाठीचे आहे. मानेतल्या लसिकाग्रंथीतून घेतलेल्या तुकड्यात मोठ्या, बेढब, कोणत्याही मूळ अवयवाशी साम्य न राखलेल्या पेशी दिसतात. तो लिम्फोमा (लसिका-पेशींचा कर्करोग) असेल, तोंडातून किंवा फुफ्फुसातून आलेला कार्सिनोमा (अस्तरपेशींचा कर्करोग) असेल किंवा मेलानोमाही (रंगपेशींचा कर्करोग) असेल, आणि तिन्हींचे उपचार पूर्णपणे निराळे. पॅथॉलॉजिस्ट आधी मोजक्या अँटिबॉडी मागवतो. सीडी४५ पेशींवर उमटले तर मूळ रक्तपेशींच्या कुळात, केराटिन उमटले तर अस्तरपेशींच्या कुळात आणि एस-१०० उमटले तर मेलानोमाकडे संशय वळतो. केराटिनचे उत्तर ‘हो’ आले की पुढची फेरी: टीटीएफ-१ असेल तर फुफ्फुस किंवा थायरॉइड, सीडीएक्स-२ असेल तर आतडे, गाटा-३ असेल तर स्तन किंवा मूत्रमार्ग, पी४० असेल तर तोंड-घसा-फुफ्फुसातला स्क्वेमस प्रकार. यातली एकही खूण शंभर टक्के इमानदार नाही. एस-१०० मज्जातंतूंच्या गाठींतही असते आणि सीडीएक्स-२ काही वेळा जठराच्या कर्करोगातही दिसते. म्हणून अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एका खुणेवर विसंबत नाही. काही खुणा ‘आहेत’ आणि काही ‘नाहीत’, या दोन्ही गोष्टी जुळल्या, आणि त्या रुग्णाच्या वयाशी, तक्रारींशी व सीटी स्कॅनशी मेळ खाल्ल्या, तरच तो निदानावर सही करतो. फॉर्मवर ‘मानेत गाठ’ एवढेच लिहून नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरला उत्तरही तितकेच मोघम मिळते, यात नवल नाही.

रक्ताच्या कर्करोगात पेशी आधीच सुट्या असतात, त्यामुळे तिथे फ्लो सायटोमेट्री ही पद्धत वापरतात. रक्तातल्या किंवा अस्थिमज्जेतल्या पेशींना वेगवेगळ्या चमकत्या रंगांच्या अँटिबॉडी लावून त्यांना एकामागून एक लेझरच्या झोतासमोरून जाऊ देतात आणि यंत्र सेकंदाला हजारो पेशींची नोंद घेते. सीडी१९ असलेली पेशी बी कुळातली, पेशीच्या आत सीडी३ असलेली टी कुळातली, मायलोपेरॉक्सिडेज असलेली मायलॉइड कुळातली, अशी विभागणी होते. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या दोन ल्युकेमियांमध्ये पूर्णपणे वेगळी औषधे लागतात, म्हणून ही विभागणी उपचाराचा पाया ठरते. त्यातही अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात घाई फार असते, कारण रुग्ण रक्तस्रावाने काही दिवसांत दगावू शकतो. या पेशींवर बहुधा सीडी३४ आणि एचएलए-डीआर या दोन्ही खुणा नसतात. असे चित्र दिसले आणि काचेवरच्या पेशींचे रूपही तसेच असले, तर पीएमएल-रारा या जोडजनुकाचा पक्का रिपोर्ट येण्याची वाट न पाहता ट्रेटिनॉइन हे औषध सुरू करतात. खुणेची अनुपस्थिती इतकी मोलाची ठरल्याची उदाहरणे थोडी आहेत.

मुलांच्या अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात हेच तंत्र भवितव्याचा अंदाज देण्यासाठी वापरतात. पहिल्या टप्प्याची किमोथेरपी संपली की सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसते. पण फ्लो सायटोमेट्रीने दहा हजार पेशींमागे एक, म्हणजे ०.०१ टक्के, इतकी उरलेली ल्युकेमिया-पेशीही पकडता येते. ज्या मुलांमध्ये उरलेल्या पेशी या रेषेच्या वर असतात त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका जास्त, त्यामुळे त्यांचे पुढचे उपचार अधिक कडक ठेवतात. इथे अंदाज आणि कृती यांची गाठ पक्की आहे. आकडा कळला की काय करायचे हेही ठरलेले आहे.

सगळीकडे तसे नसते. हा लेख वाचताना एक भेद मनात धरून ठेवावा: काही खुणा आजार पुढे कसा वागेल ते सांगतात, काही खुणा कोणते औषध लागू पडेल ते सांगतात, आणि काही दोन्ही सांगतात. रिपोर्टमध्ये त्या एकाच सुरात छापलेल्या असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला भेद दिसत नाही. तो भेद कसा घडत गेला हे स्तनाच्या कर्करोगाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

१८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यचिकित्सकाने, पसरलेला स्तनकर्करोग असलेल्या स्त्रियांची अंडाशये काढल्यावर गाठी ओसरल्याचे प्रसिद्ध केले. पण पुढे लक्षात आले की हा गुण साधारण तिघींपैकी एकीलाच येतो. बाकीच्या दोघींना एका मोठ्या शस्त्रक्रियेचा त्रास फुकटच सोसावा लागे आणि ती एक कोण हे आधी ओळखायचा मार्ग नव्हता. सहा दशकांनी शिकागो येथे एल्वुड जेन्सेन यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन वापरून दाखवले की हे संप्रेरक ज्या ऊतींवर काम करते त्यांच्या पेशींत त्याला धरून ठेवणारे एक प्रथिन असते. ते म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, आपल्या रिपोर्टमधला ईआर. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा तसाच रिसेप्टर म्हणजे पीआर. ज्या गाठीत रिसेप्टर आहे त्याच गाठीला संप्रेरक बंद केल्याचा फटका बसतो, इतके सरळ उत्तर अखेर सापडले. टॅमॉक्सिफेन हे औषध त्याच रिसेप्टरवर जाऊन बसते. ईआर पॉझिटिव्ह रुग्णांनी ते पाच वर्षे घेतले, तर पंधरा वर्षांतले स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू साधारण एकतृतीयांशाने कमी होतात. ईआर निगेटिव्ह रुग्णांना त्याचा उपयोग होत नाही.

सुरुवातीच्या काळात हा रिसेप्टर मोजण्यासाठी गाठीचा ताजा तुकडा गोठवून कुटत आणि त्या अर्कात रिसेप्टर किती ते काढत. चटणी वाटून झाल्यावर त्यात खोबरे किती आणि दाणे किती हे नुसते पाहून सांगता येत नाही, तशीच ती अडचण होती: तुकड्यात कर्करोगाच्या पेशी थोड्या आणि निरोगी ऊती जास्त असल्या तर आकडा खाली येई, शेजारच्या निरोगी ग्रंथींतच रिसेप्टर असला तर तो वर जाई. काचेवरच्या आयएचसीने हा प्रश्न सोडवला. रंग कर्करोगाच्या केंद्रकात उमटला की शेजारच्या निरोगी नलिकेत, हे डोळ्यांना दिसू लागले. पेशीनिष्ठ तपासणीचे खरे बळ याच गोष्टीत आहे. आज कर्करोगाच्या किमान १ टक्का पेशींच्या केंद्रकांत रंग असेल तर गाठ ईआर पॉझिटिव्ह मानतात. १ ते १० टक्के असेल तर तिला ‘लो पॉझिटिव्ह’ असे वेगळे नोंदवतात, कारण या गटाला संप्रेरक-उपचारांचा किती फायदा होतो याचा पुरावा तुटपुंजा आहे. अनेक प्रयोगशाळा ऑलरेड स्कोअरही देतात: पेशींच्या प्रमाणाला ५ पैकी आणि रंगाच्या गडदपणाला ३ पैकी गुण, अशी ८ पर्यंत बेरीज. ईआर पॉझिटिव्ह गाठींचा पहिल्या काही वर्षांतला अंदाज चांगला असतो, पण त्या दहा-पंधरा वर्षांनीही परतू शकतात, म्हणून पाच वर्षे झाली की फाइल माळ्यावर टाकून चालत नाही.

हर-टूची कहाणी उलट दिशेने गेली. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की काही स्तनकर्करोगांत हर-टू या जनुकाच्या नेहमीच्या दोन प्रतींऐवजी पुष्कळ जादा प्रती झालेल्या असतात आणि अशा रुग्णांत आजार लवकर उलटतो. त्या वेळी ही खूण म्हणजे नुसते अशुभवर्तमान होते. कळून करण्यासारखे काहीच नव्हते. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब ही हर-टूलाच चिकटणारी अँटिबॉडी अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाली. २००५ मध्ये जाहीर झालेल्या चाचण्यांत तर, शस्त्रक्रियेनंतर किमोथेरपीच्या जोडीने ती दिल्यास आजार उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, असे दिसले. ज्या खुणेची भीती वाटे तिलाच आता पकडून मारा करता येऊ लागला. भारतात २०१४ पासून या औषधाचे बायोसिमिलर रूप, म्हणजे मूळ औषधाच्या धर्तीवर दुसऱ्या कंपनीने बनवलेले औषध, मिळू लागल्यावर ‘हर-टू तपासून काय उपयोग, औषध कुठे परवडते?’ हा पूर्वी सर्रास ऐकू येणारा प्रश्नही मागे पडू लागला.

हर-टूच्या ओळीत ०, १+, २+ किंवा ३+ असे लिहिलेले असते. इथे रंग केंद्रकात नव्हे, पेशीच्या कडेने उमटतो. दहा टक्क्यांहून अधिक पेशींना गडद, सलग तपकिरी किनार असेल तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. किनार सलग पण फिकट असेल तर २+, आणि तेव्हा उत्तर अनिर्णित राहते. मग त्याच ब्लॉकवर फिश ही तपासणी करतात. तिच्यात अंधाऱ्या पार्श्वभूमीवर हर-टू जनुकाचे ठिपके एका रंगात आणि त्याच्या गुणसूत्राच्या मध्याचे ठिपके दुसऱ्या रंगात चमकतात. दोन्ही मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते २ किंवा त्याहून अधिक आणि पेशीमागे जनुकाच्या सरासरी किमान ४ प्रती असतील तर गाठ हर-टू पॉझिटिव्ह. म्हणजे २+ हा अर्धवट ‘पॉझिटिव्ह’ नाही. पुढची तपासणी बाकी आहे एवढेच तो सांगतो, आणि फिश न करता त्यावर उपचार ठरवणे चूक आहे. गंमत अशी की २०२२ मध्ये या ओळीचा अर्थ पुन्हा बदलला. ट्रास्टुझुमॅबला किमोथेरपीचे औषध जोडून बनवलेले ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन हे, आजवर निगेटिव्ह समजल्या जाणाऱ्या १+ आणि फिश-निगेटिव्ह २+ गाठींतही, आजार पसरलेल्या रुग्णांचे आयुष्य वाढवते असे चाचणीत दिसून आले. अशा गाठींना आता ‘हर-टू लो’ म्हणतात. काच तीच, रंगही तोच. औषध बदलले तसा रिपोर्टचा अर्थ बदलला.

चौथ्या ओळीतले केआय-६७ हे विभाजनाच्या वाटेवर असलेल्या पेशींच्या केंद्रकात दिसणारे प्रथिन. टक्केवारी जास्त तर गाठ वेगाने वाढणारी. परंतु याच ओळीवर माझा सर्वांत कमी विश्वास आहे. एकाच काचेवर दोन पॅथॉलॉजिस्टांनी मोजणी केली तर एकाचे उत्तर १५ आणि दुसऱ्याचे २५ येऊ शकते, कारण काप कुठून घेतला आणि मोजणीसाठी कोणता भाग निवडला यावर बरेच अवलंबून असते. या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही, ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा अधिक, हीच दोन टोके निर्णयासाठी भरवशाची मानली आहेत. तेव्हा ‘केआय-६७ मागच्या वेळी १८ होते, आता दुसऱ्या लॅबमध्ये २२ आले’ म्हणून रात्री जागवण्याचे कारण नाही.

निदान, औषध आणि पाठपुरावा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकटीच देणारी खूण शोधायची तर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाकडे पाहावे लागते. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ मध्ये जॅनेट रोली यांनी दाखवले की ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे अदलाबदल केल्याने ते तयार होते. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल हे जोडजनुक बनते, तेच आजार चालवते, आणि २००१ मध्ये आलेले इमॅटिनिब नेमके त्याच्याच प्रथिनाला रोखते. निदान त्याच खुणेवर, औषध त्याच खुणेवर, आणि दर तीन महिन्यांनी पाठपुरावाही त्याच खुणेवर: आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर ती ०.१ टक्क्यापर्यंत खाली आली की उपचार उत्तम चालले आहेत असे समजतात. सगळेच कर्करोग इतके एकमार्गी असते तर काम फार सोपे झाले असते. बहुतेक गाठी तशा नसतात.

खुणेचा अर्थ लावण्याआधी नमुन्याची जी हाताळणी होते, तिच्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. स्तनकर्करोगाच्या नमुन्याबाबत नियम असा आहे की शरीराबाहेर काढलेला तुकडा तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये जावा आणि त्यात सहा ते बहात्तर तास राहावा. फॉर्मेलिन ऊतीत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरते. त्यामुळे पूर्ण स्तन काढून तसाच बरणीत टाकला तर बाहेरचा भाग टिकतो आणि मधली गाठ रात्रभर आतल्या आत खराब होत राहते. म्हणून नमुना आधी चिरून मग भरपूर फॉर्मेलिनमध्ये बुडवायला हवा. शनिवारी दुपारी ऑपरेशन झाले, नमुना अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबला, फॉर्मेलिन तळाशी दोन बोटे आणि कुरिअर सोमवारी निघाले, अशा प्रवासानंतर ईआर ‘निगेटिव्ह’ आले तर ते गाठीचे उत्तर आहे की बरणीचे, हे सांगणे अवघड होते. यावर एक पडताळा असतो. कापात कर्करोगाशेजारी निरोगी नलिका असतील तर त्यांच्यातल्या काही पेशींत ईआर उमटायलाच हवे. तिथेही कोरेच असेल तर रिपोर्ट द्यायचा नाही, तपासणी पुन्हा करायची.

हा पडताळा दुर्लक्षित राहिला की काय होते याचे उदाहरण कॅनडाच्या न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर प्रांतात घडले. तिथे १९९७ ते २००५ या काळात केलेल्या संप्रेरक-रिसेप्टरच्या तपासण्या पुन्हा करून पाहिल्या तेव्हा तीनशेहून अधिक रुग्णांचे निकाल बदलले. ज्यांना टॅमॉक्सिफेन मिळायला हवे होते अशा स्त्रियांना ‘निगेटिव्ह’ म्हणून ते दिले गेले नव्हते आणि त्यांतल्या काही तोपर्यंत हयातही नव्हत्या. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला आणि त्यात प्रयोगशाळेच्या गुणवत्ता-नियंत्रणातल्या उणिवांवर नेमके बोट ठेवले. अँटिबॉडी चुकीची नव्हती, शास्त्रही चुकीचे नव्हते. चूक रोजच्या शिस्तीत होती. सुसज्ज आरोग्यव्यवस्थेत हे आठ वर्षे ध्यानात आले नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक प्रयोगशाळेने भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात पुरुषांमध्ये सर्वाधिक दिसणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात मात्र ईआर किंवा हर-टूच्या तोडीची, रोज वापरता येईल अशी एकही खूण अजून हाती आलेली नाही. गाल आणि जिभेच्या कर्करोगाचा अंदाज आजही गाठ किती मिलिमीटर खोल शिरली आहे आणि मानेतल्या किती ग्रंथींत पोहोचली आहे यावरच बांधतात. पी१६ ही खूण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कर्करोगात एचपीव्ही विषाणूचा हात असल्याचे सुचवते व तिथे ती चांगल्या अंदाजाची निशाणी आहे. पण तंबाखू, मशेरी आणि गुटख्याने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाला तो निष्कर्ष लावता येत नाही. पीडी-एल१ ही खूण पसरलेल्या किंवा परतलेल्या आजारात इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाविरुद्ध उभे करणाऱ्या औषधांचा, विचार करताना तपासतात. तिच्यावरून कल समजतो, खात्री मिळत नाही: खूण भरपूर असूनही औषध लागू न पडलेले रुग्ण असतात आणि नगण्य असूनही गुण आलेले रुग्ण असतात.

आता रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशींकडे वळू. बायोप्सीची सुई टाळून नुसत्या रक्तातून गाठीच्या पेशी पकडता आल्या तर कोणाला नको आहे? कर्करोगाने दगावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी दिसल्याची नोंद ऑस्ट्रेलियात टॉमस ॲशवर्थ यांनी १८६९ मध्येच केली होती. अडचण संख्येची आहे. साडेसात मिलिलिटर रक्तात हजारो कोटी तांबड्या आणि काही कोटी पांढऱ्या पेशी असतात. त्यांत कर्करोगाच्या पेशी असल्याच तर बोटांवर मोजण्याइतक्या. अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालेल्या सेलसर्च या यंत्रणेत ‘एपकॅम’ या अस्तरपेशींवरच्या प्रथिनाला चिकटणारे लोहकण रक्तात मिसळून चुंबकाने पेशी ओढून घेतात. मग केराटिन आहे, केंद्रक आहे आणि सीडी४५ नाही, अशा तिहेरी कसोटीला उतरणारी पेशीच मोजतात. ज्या पेशींनी एपकॅम गमावलेले असते त्या या जाळ्यातून निसटतात.

त्याच वर्षी पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या १७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेसात मिलिलिटरमध्ये पाच किंवा अधिक पेशी सापडलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान सुमारे दहा महिने होते. पाचपेक्षा कमी पेशी असलेल्यांचे अठरा महिन्यांहून अधिक. अंदाज वर्तवणारी खूण म्हणून हे यश निर्विवाद होते. मग साहजिक प्रश्न आला: पहिल्या किमोथेरपीनंतरही पेशी पाचच्या खाली उतरल्या नाहीत, तर लगेच औषध बदलावे का? अमेरिकेतल्या एका चाचणीत अशा रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाचे औषध बदलले, दुसऱ्याचे तेच चालू ठेवले. २०१४ मध्ये निकाल आला आणि दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक नव्हता. पेशींची संख्या आजाराचा जोर बरोबर सांगत होती, परंतु त्यावर काय करावे ते ती सांगत नव्हती, आणि बदलून देण्याजोगे तितके चांगले दुसरे औषधही हाताशी नव्हते. खुणा विकणाऱ्या जाहिरातींत नेमका हाच दुवा गाळलेला असतो.

पुणे आणि नाशिक येथील कंपन्यांनीही रक्तातल्या कर्करोगपेशींवर आधारलेल्या चाचण्या विकसित केल्या आहेत आणि हे संशोधन इथे होत आहे याचा आनंदच आहे. परंतु निदान झालेल्या रुग्णाचा पाठपुरावा करणे आणि धडधाकट माणसात दडलेला कर्करोग शोधणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी लागणारा पुरावा, म्हणजे मोठ्या लोकसंख्येत चाचणी केल्याने मृत्यू कमी होतात हे सिद्ध करणारा अभ्यास, रक्तातल्या पेशींच्या कोणत्याही चाचणीच्या मागे आज उभा नाही. तोंडाची तपासणी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि मॅमोग्राफी यांना पर्याय म्हणून ती करून घेऊ नये.

रुग्णाच्या बाजूने करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे ब्लॉक जपणे. मेणाचा तो छोटा ब्लॉक साध्या तापमानाला वर्षानुवर्षे टिकतो आणि उद्या नवी खूण किंवा नवे औषध आले तर त्यातूनच नवे काप निघतात. जिल्ह्याच्या ठिकाणाहून मुंबईला टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात जाणाऱ्यांकडे रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइड मागितल्या जातात त्या यासाठीच. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर दुसरा पॅथॉलॉजिस्ट मत देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट, आजार काही वर्षांनी दुसऱ्या अवयवात परतला तर जुन्या रिपोर्टवर न विसंबता शक्य असल्यास नव्या जागेची बायोप्सी करण्याबद्दल ऑन्कोलॉजिस्टला विचारणे, कारण मधल्या काळात ईआर किंवा हर-टू बदललेले असू शकते. परतलेली गाठ हाडात असेल तर एक तांत्रिक अडचण येते: काप घेण्यापूर्वी हाड मऊ करण्यासाठी वापरलेले तीव्र आम्ल नेमकी ही प्रथिने आणि जनुकेच बिघडवते. यकृतात किंवा लसिकाग्रंथीत गाठ असेल तर म्हणून तिथला नमुना घेणे बरे, आणि हाडाशिवाय जागाच नसेल तर आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरून हाड मऊ करावे. त्याला काही दिवस अधिक लागतात, पण त्या ब्लॉकवर केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवता येतो.